तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाचं नाव सोपान का ठेवलं?

बारशाच्या दिवशी हा प्रश्न पहिल्यांदा आला. त्यानंतर दवाखान्यात आला, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत आला, लग्नकार्यांत तर हमखास येतो. "सोपान? म्हणजे सोहम का?" नाही, सोपानच. "मग आजोबांचं नाव असेल." तेही नाही. यानंतर बहुतेकजण थोडं थांबतात आणि हळू आवाजात विचारतात, "पण आताच्या काळात सोपान का?" रस्त्यात उभ्याउभ्या याचं पूर्ण उत्तर देता येत नाही, म्हणून आज सावकाश लिहिते.

माझं माहेर पुरंदर तालुक्यातलं, सासवडपासून जवळच. लहानपणी आमच्या गावात सोपान हे नाव मुळीच दुर्मिळ नव्हतं. शेतकी सोसायटीत एक सोपानराव होते, पिठाच्या गिरणीवर एक सोपानअण्णा होते, माझ्या वर्गात एक सोपान होता आणि त्याला सगळे सोप्या म्हणायचे. पुण्यात आले तेव्हा लक्षात आलं की इथे हे नाव साठीच्या पुढच्या माणसांतच भेटतं. माझ्या मुलाच्या शाळेत ज्ञानेश्वर आहेत, एक मुक्ता आहे, मल्हार आणि अद्वैत तर वर्गावर्गात आहेत. सोपान एकटाच.

शब्द संस्कृत आहे आणि अर्थ साधा आहे: पायऱ्या. कालिदासाच्या मेघदूतात हा शब्द दोनदा भेटतो. एकदा यक्षाच्या घरच्या पाचूच्या पायऱ्यांच्या विहिरीत. दुसऱ्यांदा मला फार आवडणाऱ्या जागी. कैलासावर गौरी पायी फिरत असेल तर, यक्ष मेघाला सांगतो, तू पोटातलं पाणी आवरून धर, घट्ट हो आणि रत्नांच्या तटावर चढायला तिच्यासाठी पायऱ्या हो. "सोपानत्वं कुरु", म्हणजे सोपान हो. तुलसीदासांच्या रामचरितमानसात प्रत्येक कांडाला सोपान म्हटलंय, कारण मानस हे सरोवर आहे आणि सात कांडं म्हणजे त्याच्या घाटाच्या सात पायऱ्या. केरळात देवळाच्या गाभाऱ्यापुढच्या पायऱ्यांशी उभं राहून गातात, त्या गाण्यालाही सोपान संगीत असंच नाव आहे.

पण मराठी घरात हे नाव आलं ते या कशातूनही आलेलं नाही. ते आलं आळंदीच्या एका घरातून. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंची चार मुलं: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. परंपरा सोपानदेवांचा जन्म १२७७चा सांगते. ज्ञानदेव त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, मुक्ताबाई दोन वर्षांनी लहान. आमच्या गावच्या सप्ताहात कीर्तनकार ही चार नावं बोटांवर मोजायचे आणि अर्थ सांगायचे: आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान, मग मुक्ती. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला तेव्हाच प्रश्न पडला की ज्ञान झाल्यावर पुन्हा पायऱ्या कशाला? ज्ञान झालं की सुटलोच ना? हा प्रश्न मी मोठी होईपर्यंत सोबत बाळगला. मुलाच्या नावाचं खरं बीज तिथे आहे.

उत्तर मला ज्ञानेश्वरीत सापडलं, सहाव्या अध्यायात. तिथे योगाला पर्वत केलंय, आणि ओवी अशी आहे: "आतां योगाचळाचा निमथा । जरी ठाकावा आथि पार्था । तरी सोपाना या कर्मपथा । चुका झणीं ॥" योगाच्या डोंगराचा माथा गाठायचा असेल तर कर्ममार्गाच्या या पायऱ्या चुकवू नकोस. पुढच्या ओव्यांत चढण येते. पायथ्याला यमनियम, मग आसनांची पाऊलवाट, मग प्राणायामाचा कडा, त्यानंतर बुद्धीचेही पाय निसरतील असा प्रत्याहाराचा उतरता कडा. पुरंदर चढलेल्या कुणालाही ही चढण गुडघ्यांत कळेल. आणि त्या सगळ्या चढणीच्या तोंडाशी 'सोपाना' हा शब्द. व्याकरणाने ती विभक्ती आहे, मला ठाऊक आहे. पण मोठ्याने वाचून बघा, हाक मारल्यासारखा ऐकू येतो. नेवाशाला १२९० साली ज्ञानदेव ही टीका सांगत होते तेव्हा धाकटा भाऊ तेरा वर्षांचा होता. तो समोर बसलेला असेल असं मला वाटतं. वाटतं एवढंच म्हणते, पण ते वाटणं मी सोडणार नाही.

मुलगा पोटात होता तेव्हा सहावा अध्याय वाचत होते. ही ओवी आली आणि पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून यांना म्हटलं, मुलगा झाला तर सोपान. यांनी एकदाच विचारलं, "शाळेत चिडवतील का?" मी म्हटलं, चिडवतील. चिडवलंही. इंग्रजी स्पेलिंग वाचून साबण म्हणाले. पहिलीत ओळखपत्रावर सोहम छापून आलं, ते दोनदा परत करून नीट करून घेतलं. दुसऱ्यांदा कारकून म्हणाले, "मॅडम, चालून जाईल की." नाही चालणार. ज्याचं नाव आहे त्याला ते पूर्ण मिळायला हवं.

सोपानदेवांबद्दल लिहिण्यासारखं फार हाती उरलेलं नाही. थोडे अभंग आहेत, गीतेवरची 'सोपानदेवी' त्यांच्या नावावर सांगितली जाते. १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली आणि महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी सासवडला. एकोणीस वर्षांचं वय. मोठा भाऊ माउली झाला, जगाची आई झाला. धाकटा सोपानकाका झाला. माउली म्हटलं की हात जोडले जातात, काका म्हटलं की माणूस जवळ सरकतो. हे नाव मागे पडलं याचं मला वाईट वाटतं ते म्हणूनच. घरातलं माणूस विसरल्यासारखं वाटतं.

वारीत मात्र कुणी विसरलेलं नाही. दिवेघाट चढून माउलींची पालखी सासवडला मुक्कामी येते, आणि ती तिथे असतानाच सोपानकाकांची पालखी पंढरपूरला निघते. वाट मात्र वेगळी: सोमेश्वरनगर, बारामती, अकलूज अशी. पंढरपूर जवळ आलं की दोन्ही पालख्या पुन्हा भेटतात. त्याला बंधुभेट म्हणतात. नारळ दिला-घेतला जातो, आणि भोवतीची हजारो माणसं रडत असतात. मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा मला माझा धाकटा भाऊ आठवला आणि रात्री फोन केला.

मुलगा चार वर्षांचा असताना त्याला सासवडला पालखीच्या मुक्कामी नेलं होतं. आमच्या पडवीत परभणीकडची एक आजी पायांना तेल लावत बसली होती, टाचांना भेगा, बोटाला चिंधी बांधलेली. तिने विचारलं, "नाव काय रे बाळा?" हा म्हणाला, "सोपान." तिने तेलाचे हात लुगड्याला पुसले आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात, हे आम्हा मोठ्यांना नवं नव्हतं. पण तो गोंधळला आणि तोही खाली बसून तिच्या पायाला हात लावू लागला. तेव्हापासून नावाची काळजी मी सोडली.

आणखी एक सोपान मी त्याला सांगते: बहिणाबाई चौधरींचे चिरंजीव सोपानदेव. स्वतः कवी होते. आईला लिहिता येत नव्हतं. तिच्या ओव्या त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने उतरवून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्रे तिला बावनकशी सोनं म्हणाले, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. अत्रे आमच्या सासवडचे, हे सांगताना मला अजून आनंद होतो. आईचं गाणं जगापर्यंत चढवून आणणारा मुलगा सोपान नावाचा होता, हेही मी मुद्दाम सांगते.

"त्याला स्वतःला आवडतं का नाव?" हा तुमचा शेवटचा प्रश्न असतो. परवा शाळेत नावाचा अर्थ लिहून आणायला सांगितलं होतं. मी म्हटलं, लिही, सोपान म्हणजे जिना. तो पेन्सिल घेऊन बराच वेळ बसला आणि म्हणाला, "जिना नाही आई. जिना घरात असतो. पायऱ्या देवळाला असतात, नदीला असतात, तिथे कुणीही बसतं." वहीत त्याने तसंच लिहिलं, आणि खाली सासवडच्या घाटाचं चित्र काढलं. सहा पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेला तो.