पाऊण की अर्धं?

"हात मोजलाय, मापांचा तक्ता बघितलाय, हिला पाऊण मापाचं व्हायोलिनच बसतं," असं म्हणत त्या गृहस्थांनी मुलीच्या व्हायोलिनची केस दुकानाच्या काउंटरवर उघडली. मापाबद्दल त्यांची काही तक्रारच नव्हती. त्यांना डी तार बदलून हवी होती, मुलीने वाजवली की बेसूर लागते म्हणून.

मी व्हायोलिन सुरात लावलं. मोकळी तार, म्हणजे बोट न ठेवता, स्वच्छ वाजत होती. मग मुलीला म्हटलं, याच तारेवर करंगळी ठेव. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात खुंट्यांजवळ असताना, डी तारेवरची करंगळी शेजारच्या मोकळ्या ए तारेशी जुळायला हवी. करंगळीचा सूर दर वेळी खाली पडत होता. करंगळी वर ओढली की पहिलं बोट जागा सोडायचं आणि मनगट आत मुडपायचं.

अशा वेळी मी आधी घोडी, म्हणजे तारांखालचा लाकडी आधार, बघतो. तारा फिंगरबोर्डपासून, म्हणजे बोटांखालच्या पट्टीपासून, फार उंच असल्या तर दाबून दाबून करंगळीच आधी थकते, आणि दोष विनाकारण मापावर जातो. इथे उंची ठीक होती. हात लांब करून तिला वाद्याचं टोक धरायला लावलं. कोपर हवं तेवढं वाकलेलं राहिलं. म्हणजे वडिलांचं मोजमाप चोख होतं. पण तक्त्यातलं माप मानेपासून तळव्यापर्यंतचं, त्यात बोटं कुठे येतात? हिचा हात लांब, पंजा लहान आणि करंगळी त्याहून आखूड.

अर्धं व्हायोलिन काढून दिलं. नाव अर्धं, पण लांबी काही अर्धी नसते: पूर्ण मापाच्या वाद्याचं खोड (मान सोडून उरलेला पोकळ भाग) साधारण 35.5 सेंटिमीटर, पाऊणचं 33.5, अर्ध्याचं 31 च्या आसपास. तेवढ्या फरकाने करंगळी बरोबर ए वर आली, तीही पहिलं बोट न हलता.

"म्हणजे मागे जायचं?" वडिलांचा चेहरा पडला. शाळेचे बूट एक नंबर मोठे घ्यावेत तसं वाद्य घेणारे पालक मला नेहमी भेटतात. हे तसे नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटलं. त्यांनी दुसरा मुद्दा काढला, "आवाज बारीक येतोय." हे खरंच होतं. खोड लहान झालं की जी तारेचा भरदारपणा सगळ्यात आधी जातो. चांगल्या तारा लावून थोडं सुधारतं, फार नाही. मी एवढंच म्हटलं, की मुडपलेलं मनगट एकदा सवयीचं झालं की ते सोडवायला आवाजापेक्षा जास्त त्रास होतो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग मुलीला पुन्हा दोन्ही वाजवायला लावलं. तिने पाऊण स्वतःहून खाली ठेवलं.

गज मात्र पाऊणचाच राहू दिला. लांब हातामुळे तो तिला टोकापर्यंत सरळ ओढता येत होता. वडिलांना तेवढंच बरं वाटलं.