अमळनेरला चार्जर हवाय, पण हायवेवर नको

इलेक्ट्रिक गाडीसाठी हायवेला चार्जर आहे ना, मग झालं, असं गावात कुणीही सांगतं. पण अमळनेर हायवेवर आहेच कुठे भाऊ? सुरत-नागपूर हायवे, आधीचा 6 नंबर आताचा 53, तो धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव असा जातो आणि आम्ही पारोळ्यापासून वीसेक किलोमीटर आत, चोपडावाले तर अजून आत. केंद्राच्या 2018 च्या नियमावलीत हायवेवर दर 25 किमीला एक स्टेशन आणि शहरात 3 बाय 3 किमीच्या चौकोनात एक असा हिशोब होता. आमच्यासारखी तालुक्याची गावं ना धड शहरात बसतात ना हायवेवर.

आणि मॅपवर ठिपका दिसतो म्हणजे चार्जिंग मिळेलच असं अजिबात नाही. मे महिन्यात 44 डिग्रीत पंपावर पोचायचं, मशीन उघड्यावर, वर साधं पत्र्याचं शेडसुद्धा नाही, उन्हामुळे स्क्रीनवरचं काही दिसत नाही म्हणून हाताने सावली करून बघायचं तर पंपावरचा पोरगा लांबूनच सांगतो, मशीन बंद शे भाऊ. कधीपासून बंद, कधी चालू होणार, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, त्यात त्याची काय चूक. चालू असलं तर वेगळं ॲप टाका, ओटीपीची वाट बघा, वॉलेटमध्ये आधी पैसे भरा. पेट्रोलवाल्याला असं करावं लागतं का? बरं एवढ्या उन्हात बॅटरी तापली की गाडी स्वतःच चार्जिंगचा स्पीड कमी करून घेते, म्हणजे फास्ट चार्जरही कागदावरच फास्ट.

म्हणून मला मनापासून वाटतं की गावात महागड्या फास्ट मशीनच्या मागे लागायची गरज नाही. जिथे माणूस तसाही दोन-चार तास थांबतो तिथे स्लो चार्जिंग द्या. मंगल कार्यालयात बघा, हळदीपासून पंगतीपर्यंत पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांच्या गाड्या पाच-पाच तास उभ्या असतात. साध्या 15 अँपियरच्या पॉइंटवर 3.3 किलोवॅटने पाच तासांत सोळा युनिट भरतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या ईव्हीला शंभरेक किमी, पाहुणा आरामात धुळ्याला पोचतो आणि पुढचं तिथे भरतो. 7.2 किलोवॅटचा डबा, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, लावला तर दुपटीच्या वर. मंगळग्रह मंदिरात मंगळवारी लांबलांबून गाड्या येतात, तिथे, मोठ्या दवाखान्यांच्या पार्किंगला, लॉजवर, सगळीकडे हे चालेल.

अडतं कशात तर अर्थिंगमध्ये! हे कुणी बोलतच नाही. सॉकेट नवीन चकाचक असतं, एसी त्याच्यावर मस्त चालतो, पण गाडीचा चार्जर लावला की लाल लाईट, कारण अर्थिंगची वायर पुढे कुठे जोडलेलीच नसते आणि गाडी ते आधी तपासते, नसेल तर करंट घेतच नाही. वायरमनला बोलवून मीठ-कोळसा टाकून नीट खड्डा करून घेतला, जाडी वायर आणि वेगळा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) टाकला की काम होतं, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत राहायचं, आपली जमीन कोरडी पडते ना. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तो प्रश्न मात्र आहेच, तो महावितरणनेच सोडवायला पाहिजे.

कार्यालयवाल्यांना, लॉजवाल्यांना वाटतं यासाठी मोठं लायसन्स काढावं लागेल. नाही लागत! चार्जिंगच्या धंद्याला वीजविक्रीचं लायसन्स लागत नाही हे ऊर्जा मंत्रालयाने 2018 लाच स्पष्ट केलंय. फक्त मीटरवर लोड किती मंजूर आहे ते आधी बघा, आणि कनेक्शन कुठल्या प्रकारात बसेल ते महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या.

तर अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा भागातलं कुणी वाचत असेल आणि तुमच्याकडे अर्थिंगवाला चालू पॉइंट असेल तर गेटवर रेट लिहून पाटी लावा आणि खाली कमेंटमध्ये गाव, जागा आणि कुठल्या वेळेत मिळेल ते टाका, मी सगळ्यांची यादी करून इथेच अपडेट करत राहीन.