पंगतीआधीचा पंचनामा

आमच्या जिल्हा वकील संघाच्या स्नेहभोजनाचा क्रम ठरलेला असतो. शाल-श्रीफळ, परिचय, भाषण, आणि भाषण लांबलं की मागच्या रांगेतून मठ्ठ्याची चौकशी. या वेळी पाहुणे होते एका पोलीस प्रशिक्षण केंद्राचे प्राचार्य. विषय होता १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतरचा तपास. सत्कार आटोपल्यावर त्यांनी माईक बाजूला सारला, खिशातून एक जुना, चालू मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पानं मांडायला अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात हा जप्त करून दाखवा."

फौजदारी बाजूचे एक तरुण वकील तपासी अंमलदार झाले, दोघं ज्येष्ठ पंच झाले आणि एका वकील मॅडमनी चित्रीकरणासाठी स्वतःचा फोन धरला. पुढचा अर्धा तास त्या सभागृहात जे झालं, ते भाषणापेक्षा कितीतरी उपयोगाचं होतं.

पहिली अडचण सुरुवातीलाच आली. मॅडमनी कॅमेरा थेट मोबाइलवर नेला. प्राचार्यांनी थांबवलं. क्लिप सुरू होताच अंमलदाराने स्वतःचं नाव, हुद्दा, तारीख, वेळ, ठिकाण आणि पंचांची नावं मोठ्याने सांगायची. मग पंचांचे चेहरे. घरझडती असेल तर आत पाऊल टाकण्यापूर्वी पोलिसांनी आणि पंचांनी घरमालकाला स्वतःची अंगझडती द्यायची आणि तीही कॅमेऱ्यात आली पाहिजे. वस्तू पोलिसांनीच आणून ठेवली, हा बचाव बहुतेक वेळा तिथेच उभा राहतो किंवा पडतो. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, शालीनता राखून घ्यायची आणि त्या वेळी कॅमेरा वळवायचा. कॅमेरा का वळवला, हे मात्र आवाजात नोंदवायचं.

अंमलदार झालेल्या वकिलांनी मोबाइल उचलला आणि चालू आहे का पाहायला स्क्रीनवर बोट फिरवलं. "झालं," प्राचार्य म्हणाले, "उलटतपासाला पहिला प्रश्न मिळाला." चालू फोन बंद करायचा नाही, कारण पुन्हा सुरू केल्यावर पासवर्डशिवाय आतली माहिती मिळणं फार अवघड होतं. आत काही उघडूनही बघायचं नाही, कारण फाइलींच्या वेळा बदलतात. जमेल तेवढ्या लवकर फोन नेटवर्कपासून तोडायचा, नाहीतर कोणीतरी दुरूनच सगळं पुसून टाकू शकतं. पंचनाम्यात लिहायचं ते असं: कंपनी, रंग, कुठे तडा आहे, दोन सिमचा फोन असेल तर पंधरा आकड्यांचे दोन्ही आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, सिमवरचा क्रमांक, मेमरी कार्ड आहे की नाही, बॅटरी किती टक्के, स्क्रीन लॉक आहे का. आणि फोनमधलं घड्याळ किती वाजले दाखवतंय, खरी वेळ किती. ही शेवटची नोंद मी तरी आजवर क्वचितच पाहिली आहे. दोन्ही घड्याळांत सात मिनिटांचा फरक असेल आणि तो लिहिलेला नसेल, तर पुढे कॉल डिटेल्सशी ताळमेळ बसत नाही.

लेबलाची गंमत सगळ्यांत बोलकी. तरुण वकिलांनी सवयीने लेबलावर आधी गुन्हा रजिस्टर नंबर लिहिला. प्राचार्यांनी विचारलं, "वकीलसाहेब, फिर्याद दाखल झाली का?" झाली नव्हती. छाप्यात माल आधी सापडतो, गुन्हा नंतर दाखल होतो. तरी जागेवरच्या लेबलावर नंबर दिसला, तर लेबल ठाण्यात बसून लिहिलं हे उघड होतं. बचाव पक्षाचे वकील हे वर्षानुवर्षं वापरतात. आता फरक इतकाच की क्लिपमध्ये लेबल कोरं दिसतं आणि कोर्टात तेच नंबरासह येतं.

लाखेचं सील झालं आणि मॅडमनी चित्रीकरण थांबवलं. माझ्या मते दिवसातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इथे निघाला. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १०५ फक्त वस्तू सापडण्याबद्दल बोलत नाही. जप्त वस्तूंची यादी तयार करणं आणि तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या होणं, हेही चित्रित व्हायला हवं. म्हणजे कोऱ्या कागदावर सह्या घेऊन मजकूर नंतर भरायची जुनी रीत कॅमेऱ्यासमोर चालणार नाही. मध्ये क्लिप थांबवावी लागली तर थांबवताना वेळ आणि कारण बोलायचं, पुन्हा सुरू करताना पुन्हा वेळ सांगायची. पंचनामा ४.४० ला संपला असं लिहिलंय आणि क्लिपमध्ये ४.५५ ला सील लागतंय, असं झालं की पंच कितीही चांगला बोलो, सरकारी वकिलांना सारवासारव करावी लागते. पोलिसांनी असं चित्रीकरण करायच्या ई-साक्ष्य ॲपमध्ये वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदवलं जातं, त्यामुळे ही विसंगती आता लपतही नाही.

रक्ताचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नयेत, सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत, नाहीतर बुरशी धरते; एवढं त्यांनी जाता जाता सांगितलं.

एका बाबतीत मला प्राचार्यांचं पटलं नाही. प्रशिक्षण झालं की हे सगळं होईल असा त्यांचा सूर होता. ग्रामीण ठाण्यात एक अंमलदार, सोबत एक शिपाई आणि तोच गाडी चालवणारा. फोन धरायचा कोणी? शिपायाचा खासगी फोन वापरला तर पुराव्याच्या नव्या कायद्यातल्या, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या, कलम ६३ च्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या प्रमाणपत्राचा भाग अ त्याच्याकडून घ्यावा लागणार, भाग ब तज्ज्ञाकडून, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलीवरून काढलेला तिचा डिजिटल ठसा, दोन्हीकडे जुळली पाहिजे. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेली हॅश चौसष्ट अक्षरांची असते. क्लिप व्हॉट्सॲपवरून ठाण्यात पाठवली की ती दाबली जाते आणि हॅश बदलते. प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल यात, पक्कं केलं. तेव्हा कायदा जुना होता, कलम ६५-ब. नव्या कायद्यात अट राहिली, उलट तज्ज्ञाची सही वाढली.

जेवताना मसालेभातावर वाद रंगला तो 'विलंब न करता' या शब्दांवर. कलम १०५ मध्ये चित्रीकरण दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायला तासांची मुदत नाही. त्याच संहितेच्या कलम १८५ खालच्या झडतीत लेखी नोंदींच्या प्रती पाठवायला ४८ तास दिलेत. सरकारी बाजूच्या वकिलांचं म्हणणं, तेवढीच मुदत इथेही धरावी. बचावाच्या वकिलांना ते मान्य नव्हतं. प्राचार्यांचा सल्ला व्यवहाराचा होता: त्याच दिवशी पाठवा, जावक क्रमांक स्टेशन डायरीत घ्या, उशीर झाला तर कारण तिथेच लिहा.

पानं उठायच्या आत दोघांनी माझ्याकडे अर्जाचा मसुदा मागितला. संहितेच्या कलम २३० प्रमाणे दोषारोपपत्रासोबतच्या कागदांच्या प्रती आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत द्यायच्या असतात. त्या मागताना पंचनाम्याच्या प्रतीबरोबर मूळ क्लिप, तिची हॅश आणि दंडाधिकाऱ्यांकडे ती पोहोचल्याची तारीख, अशा तिन्ही गोष्टी नावानिशी मागायच्या. मसुदा सोमवारी बाररूमच्या फलकावर लावतो आहे.