चष्मा लांबणीवर टाकावा का?

छपाईला जाण्यापूर्वीची मुद्रिते तपासणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे चाळिशी ओलांडलेली परिचित मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. जवळचे अक्षर पुसट दिसू लागले आहे, पण एकदा चष्मा लावला की डोळ्यांना त्याची सवय लागते आणि नंबर वाढतच जातो असे म्हणतात. तेव्हा जमेल तितके दिवस चष्म्यावाचून निभावून न्यावे, हे बरे नाही का? तुम्हीही तेच विचारलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. चष्मा लांबणीवर टाकून काहीही वाचत नाही, वाचायचे मात्र बरेच राहून जाते.

नंबर वाढतो हे निरीक्षण बरोबर आहे, त्याला जोडलेले कारण तेवढे चुकीचे आहे. डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. त्याच्या भोवती कडे करून असलेला स्नायू आकुंचन पावला की भिंगाला ताणून धरणारे तंतू सैल पडतात, भिंग अधिक फुगीर होते आणि जवळच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर रेखीव उमटते. हे भिंग जन्मभर वाढत राहते. त्वचेप्रमाणे त्याचे जुने थर झडून जात नाहीत, नव्या पेशी जुन्यांवर चढत जातात आणि आतला गाभा हळूहळू कडक होतो. स्नायूने तंतू कितीही सैल सोडले तरी अशा भिंगाला पूर्वीसारखा आकार बदलता येत नाही, आणि म्हणूनच स्नायूंना कसरत घडवणाऱ्या डोळ्यांच्या व्यायामांनी चाळिशीचा नंबर उतरत नाही.

हा बदल चाळिशीत सुरू होत नाही, तो तेव्हा जाणवू लागतो. डच नेत्रतज्ज्ञ फ्रान्सिस्कस डॉन्डर्स यांनी एकोणिसाव्या शतकात भिंगाची जवळचे पाहण्याची क्षमता वयानुसार मोजली. तेव्हापासून चालत आलेल्या आकड्यांनुसार निर्दोष दृष्टीच्या माणसाला दहाव्या वर्षी डोळ्यांपासून साधारण ७ सेंटिमीटरवरचे, विसाव्या वर्षी १० सेंटिमीटरवरचे, चाळिसाव्या वर्षी २२ सेंटिमीटरवरचे आणि पन्नाशीत ४० सेंटिमीटरवरचे अक्षर कसेबसे स्पष्ट दिसते. साठीपर्यंत ही मर्यादा जवळजवळ एक मीटरवर जाते. आपण पुस्तक ३५ ते ४० सेंटिमीटरवर धरतो, त्यामुळे पहिली तीस-पस्तीस वर्षे होणारी घट आपल्या लक्षातही येत नाही. वाचनाच्या चष्म्याचा नंबर सहसा +१ च्या आसपास सुरू होतो आणि साठीपर्यंत +२.५ च्या जवळ जाऊन बहुधा तेथेच थांबतो. चष्मा लावणाऱ्याचाही वाढतो आणि न लावणाऱ्याचाही वाढतो. न लावणाऱ्याचा कोणी मोजत नाही, एवढाच फरक.

तरीही समज टिकून राहतो, त्याला एक प्रामाणिक कारण आहे. काही आठवडे स्वच्छ अक्षर वाचल्यानंतर चष्मा काढला की पूर्वी चालवून घेतलेले पुसट अक्षर असह्य वाटू लागते. डोळा बिघडलेला नसतो, आपली सहनशक्ती संपलेली असते, आणि ती संपलेलीच बरी.

माझ्या व्यवसायात या सहनशक्तीची किंमत रोज दिसते. ‘भ’ची शिरोरेषा तुटलेली असते आणि ‘म’ची सलग, लहान टाइपात ती फट केसाएवढी उरते. ‘ध’ आणि ‘घ’ यांचेही तसेच, आणि अनुस्वाराचा ठिपका तर कागदावरच्या धुळीच्या कणापासून वेगळा ओळखावा लागतो. दृष्टी अधू झाली की ही फट दिसत नाही, पण आपल्याला ती दिसत नाही हेही कळत नाही, कारण वाक्याचा ओघ पाहून मेंदू योग्य अक्षर स्वतःच भरून टाकतो. ‘भाग’च्या जागी ‘माग’ छापलेले असले तरी आपण ‘भाग’च वाचतो. कथा-कादंबरी वाचणाऱ्याचे यात फारसे बिघडत नाही. मात्र औषधाच्या पट्टीवरची मुदत, मात्रेतला दशांशचिन्हाचा ठिपका किंवा खाते क्रमांकातला १ आणि ९ यांना कोणताही संदर्भ सावरून घेत नाही. ‘माझे अजून चालते’ असे म्हणणारे अनेक जण प्रत्यक्षात वाचण्यापेक्षा अंदाजच अधिक करीत असतात, असे माझे मत आहे.

संध्याकाळचा थकवा हीदेखील त्याच दुखण्याची खूण आहे. ४० सेंटिमीटरवर वाचायला डोळ्याला सुमारे २.५ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) इतका जोर लावावा लागतो, आणि आपल्या एकूण क्षमतेच्या साधारण निम्माच जोर बराच वेळ सुखाने लावता येतो. चाळिसाव्या वर्षी एकूण क्षमता ४.५ डायॉप्टरच्या आसपास असते, तिचा निम्मा भाग २.२५, म्हणजे हिशोब तेथेच तुटू लागतो. अक्षर दिसत असते, पण तासाभरात कपाळ जड होते आणि आपण झोप अपुरी झाली असे समजतो.

चष्म्याच्याही आधी करण्यासारखी गोष्ट म्हणजे उजेड वाढवणे. भरपूर प्रकाशात बाहुली आक्रसते आणि बारीक छिद्रातून पाहिल्यास अधिक अंतरांवरच्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसतात. मूठ सैल वळून तिच्या फटीतून या ओळी पाहा, अक्षर लगेच ठळक होईल. म्हणूनच दुपारी खिडकीपाशी वाचता येणारा मजकूर रात्री छताच्या दिव्याखाली वाचता येत नाही. त्यातच वाढत्या वयात डोळ्याच्या आत पोहोचणारा प्रकाशही घटत जातो. लिहिणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला, डोळ्यांवर न येता थेट कागदावर पडेल असा दिवा ठेवल्याने मला जेवढा आराम मिळाला, तेवढा महागड्या काचांनीही मिळालेला नाही.

चष्मा करायला जाताना स्वतःच्या कामाचे अंतर फुटपट्टीने मोजून न्यावे, हा माझा आग्रह असतो. कागद ४० सेंटिमीटरवर आणि संगणकाचा पडदा ६० ते ७० सेंटिमीटरवर असेल, तर पन्नाशीनंतर एकच नंबर दोन्हींना पुरत नाही. एका चौकटीत दोन नंबर बसवलेल्या आपल्या दुहेरी चष्म्याबद्दल अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ मधील एका पत्रात मोठ्या समाधानाने लिहिले आहे, आणि १९५९ मध्ये फ्रान्समधील बर्नार्ड मॅतेनाझ यांची प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणारी काच बाजारात आल्यापासून मधली रेघही गेली. प्रोग्रेसिव्ह चष्मा ऊठबस, बैठका, दुकान, रस्ता यांसाठी सोयीचा आहे, परंतु त्यात वाचनाचा भाग खाली आणि अरुंद असतो व कडेला अक्षर विरघळते. पानेच्या पाने वाचणाऱ्याला मान सतत फिरवावी लागते, पडदा पाहताना हनुवटी वर उचलावी लागते आणि जिना उतरताना पायरी धूसर दिसते. दिवसाचे बरेच तास वाचणाऱ्यांनी केवळ वाचनाचा साधा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा ठेवावा, असे मी निःसंकोचपणे सांगते. पूर्वीपासून दूरचा उणे नंबर असलेल्यांचे काम आणखी सोपे असते. -३ नंबर असलेला माणूस चष्मा काढून ३३ सेंटिमीटरवरचे आरामात वाचतो. ‘मला चाळिशी लागलीच नाही’ असे हीच मंडळी ऐटीत सांगतात. ती त्यांनाही लागलेली असते, फक्त चष्मा चढवण्याऐवजी ते तो उतरवतात.

तयार मिळणारे चष्मे दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देतात आणि तिरपा (सिलिंडरचा) नंबर धरतच नाहीत. क्षणभर पावती वाचायला ते चालतील. पण त्यांच्यामुळे डोळ्यांची तपासणी टळते, ही मोठी हानी आहे. काचबिंदू बराच काळ दुखत नाही आणि जाणवतही नाही, तो डोळ्यांचा दाब आणि आतली शीर पाहिल्यावरच कळतो. एकाच डोळ्याने कमी दिसणे, सरळ रेषा वाकड्या दिसणे, अचानक अंधारी किंवा पडदा आल्यासारखे वाटणे, ही चाळिशीची लक्षणे नव्हेत. त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असल्यास साखर स्थिर असताना नंबर काढून घ्यावा, कारण ती वरखाली झाली की नंबरही बदलतो. बाहुली आक्रसवणारे पायलोकार्पिनचे थेंब अमेरिकेत २०२१ मध्ये चाळिशीत जवळचे स्पष्ट दिसावे यासाठी मंजूर झाले. त्यांचा परिणाम काही तासांपुरता असतो आणि मंद प्रकाशात ते अडचणीचे ठरू शकतात.

वाचन हा आपला छंद आहे, नाही झाले तरी चालेल, असे म्हणणाऱ्यांना मी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीबद्दल सांगते. आसाममधील चहाची पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या मजुरांपैकी काहींना जवळचे पाहण्याचे साधे चष्मे लगेच दिले गेले आणि इतरांना चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांच्या दिवसाच्या खुडणीत दुसऱ्या गटापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक वाढ झाली. या कामात अक्षराचा संबंधही नव्हता.

दर दोन वर्षांनी नंबर पाहून घ्यावा आणि नवा चष्मा आला की जुना टाकून देऊ नये. कागदासाठी कमी पडू लागलेला तो नंबर संगणकाच्या अंतराला बहुधा नेमका बसतो, आणि माझ्या टेबलावर पडद्याशेजारी सध्या मागच्या खेपेचाच चष्मा आहे.