जुनी ॲल्युमिनियमची बोट पुन्हा पाण्यात: माझा अनुभव

बोटीच्या मागच्या फळीला स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. जोर लावावाच लागला नाही. बाहेर काढला तर टोकाला काळपट ओला भुसा चिकटलेला. ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या, पत्र्याआड जे प्लायवूड असतं, ज्यावर इंजिनाचं वजन आणि त्याचा सगळा रेटा येतो, ते पार कुजलं होतं.

चौदा फुटी, रिवेट मारलेली बोट. मागे पंधरा हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून अडकवायचं, इंजिन. कित्येक वर्षं ती उघड्यावर पडून होती, आणि उपडी नाही, सरळ. पाणी साचत राहिलं, त्यात पानं कुजत राहिली. घेताना मी तळाचा पत्रा ठोकून पाहिला, तो खणखणीत वाजला आणि मी हो म्हणून टाकलं. पत्र्याबद्दलचा अंदाज बरोबर ठरला. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो. पण तो थर टिकायला हवा लागते. ओलं लाकूड, ओला गालिचा, ओला फोम पत्र्याला चिकटून बसला की तिथे हवा पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही आणि पत्र्याला पांढरी भुकटी सुटून खड्डे पडायला लागतात. पुढचे पाच महिने मी मुख्यतः एकच काम केलं. पाणी कुठे अडकतं ते शोधायचं आणि त्याला वाट करून द्यायची.

तळावरच्या फळ्या उचकटल्यावर फोम दिसला. बोट पाण्याने भरली तरी ती बुडू नये म्हणून तो घातलेला असतो. हाताने दाबला तर बोटांच्या फटींतून पाणी आलं. एक घनफूट जागेत साधारण २८ लिटर पाणी मावतं, म्हणजे २८ किलो. असा फोम दोन बाकांखाली आणि पूर्ण तळभर होता. भाचा आणि मी तो करवतीने कापून पोत्यांत भरला, तेव्हा एकेक पोतं दोघांना मिळून उचलावं लागत होतं. ती बोट इतकी वर्षं आपलं अर्धं वजन पाण्याचंच वाहत असणार.

आतला तळ नायलॉनच्या ब्रशने घासला. लोखंडी तारेचा ब्रश इथे अजिबात वापरू नका. त्याचे बारीक कण मऊ पत्र्यात रुतून बसतात, गंजतात आणि भोवतीचं ॲल्युमिनियम खातात. खुणा करायलाही शिसपेन्सिल नको, कारण ग्रॅफाइटही ॲल्युमिनियमशी तसाच वागतो. आम्ही मार्कर पेन वापरला.

मग गळती शोधायची. त्यासाठी बोट पाण्यात नेत नाहीत, पाणी बोटीत आणतात. ट्रेलरवर कण्याखाली, म्हणजे तळाच्या मधोमध पुढून मागे जाणाऱ्या कडेखाली, लाकडाचे ठोकळे नीट लावले, कारण आत पाणी भरलं की शेकडो किलो वजन होतं आणि आधार नसेल तर तळ वाकतो. मग आत वीतभर पाणी सोडलं आणि बाहेरून तळ कोरडा पुसून काढला. भाचा पाठीवर झोपून खाली सरकला. थेंब दिसेल तिथे मार्करने गोल. पंधरा मिनिटांत सतरा गोल झाले. बहुतेक कण्याच्या बाजूच्या रांगेत, थोडे नाळेजवळ, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जिथे लाटांचा मार बसतो.

पत्र्यांच्या एका जुन्या शिवणीवर, म्हणजे जोडावर, कोणीतरी कधीकाळी सिलिकॉन फासलेलं होतं. ते काढायला मला दोन पूर्ण दिवस लागले. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि ते ॲल्युमिनियमला मानवत नाही. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिला की त्यावर रंग धरत नाही आणि दुसरं सीलंटही धरत नाही. प्लास्टिकच्या पातीने खरवडायचं, सॉल्व्हंटने पुसायचं, बोटाने चाचपायचं, बुळबुळीत लागलं की पुन्हा सुरुवात.

या सगळ्या कामात रिवेट मारण्यात मी सगळ्यात जास्त रमलो. सैल झालेले काही रिवेट जागच्या जागी पुन्हा ठोकून घट्ट होतात. उरलेल्यांचं डोकं ड्रिलने उडवायचं, दांडा पंचने बाहेर काढायचा आणि नवा भरीव रिवेट सीलंटमध्ये बुडवून घालायचा. पॉप रिवेट सोपा, एकट्याला मारता येतो, पण साधा पॉप रिवेट मधून पोकळ असतो. पाण्याखाली तो गळणारच. बंद टोकाचे मिळतात, तरी मी भरीवच निवडले. भरीव रिवेटला दोन माणसं लागतात. एक बाहेरून डोक्यावर ठोकतो, दुसरा आतून दांड्याच्या टोकाला पोलादाचा जड ठोकळा दाबून धरतो. टोक त्या ठोकळ्यावर चेपतं आणि त्याचं दुसरं डोकं तयार होतं. दांडा पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट राहिला पाहिजे. आमचा रिवेट ४.८ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण ७ मिलिमीटर. कमी ठेवला तर डोकं नीट बनत नाही, जास्त ठेवला तर वाकडं पडतं.

पहिले तीन वाकडे पडले आणि काढावे लागले. मग हळूहळू आवाज कळायला लागला. ठोकळा बरोबर बसला असेल तर ठोका भरदार येतो, जरा तिरका असेल तर किणकिणतो. मी बाहेर, भाचा आत, एकमेकांना दिसत नाही. तो आतून म्हणायचा, "मामा, थांब," मग ठोकळा सरकवल्याचा आवाज, मग "हां, मार." चार-पाच ठोके, की "बसला." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही बोलणंच बंद केलं होतं, आवाजावरच चाललं होतं.

ट्रान्समच्या बाबतीत माझी एक मोठी चूक झाली. पुठ्ठ्याचा नमुना काढून मी प्लायवूड कापलं, आणि मग त्याच्या मागचा छाप वाचला. कीड लागू नये म्हणून त्यात तांब्याची संयुगं मुरवलेली होती. ओलाव्यात ती झिरपतात आणि ॲल्युमिनियमवर जोरदार गंज चढवतात. ते लाकूड बाजूला ठेवलं आणि मरीन प्लायवूडचे १९ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून ३८ मिलिमीटरची नवी फळी केली. कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले, कारण प्लायवूड पाणी पितं ते कडेनेच. बोल्टची भोकं मुद्दाम मोठी पाडली, घट्ट इपॉक्सीने भरली आणि सुकल्यावर मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडलं. आता बोल्टच्या बाजूने पाणी उतरलं तरी ते लाकडाला लागत नाही. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला थेट भिडू नये म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर घातले.

जुन्या फोमच्या जागी एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन या फोमचे ताव घातले. आधी फोमने जेवढी जागा व्यापली होती तेवढेच, त्यात कपात केली नाही. मात्र कण्याच्या वर दोन बोटं जागा मोकळी सोडली, म्हणजे आत आलेलं पाणी सरळ मागच्या बुचाकडे वाहून जाईल. एक लक्षात ठेवायचं, पेट्रोलने पॉलिस्टायरीन विरघळतं, म्हणून टाकी आणि नळी त्याच्यापासून लांब हवी.

बाहेरून रंग मी दिलाच नाही. गोड्या पाण्यात उघडं ॲल्युमिनियम चांगलं टिकतं, आणि रंगाखाली काय चाललंय ते दिसत नाही. रंग द्यायचाच असेल तर आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूवर रंग धरावा म्हणून द्यायचा पहिला हात, लागतो, आणि तांबं असलेला शेवाळरोधक रंग तर नकोच. वायरिंगमध्येही हाच धागा आहे. बॅटरीच्या ऋण टोकाचा परतीचा मार्ग बोटीच्या पत्र्यातून कधीही नेऊ नये, नाहीतर वीज पत्रा खात राहते. दोन्ही तारा वेगळ्या ओढल्या आणि बॅटरीजवळच फ्यूज लावला.

इंजिनाचा कार्बोरेटर जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजलेला होता, तो साफ झाला. खालच्या गिअरचं तेल दुधासारखं पांढरं आलं, म्हणजे पाणी शिरलेलं. सील आणि बुचांची गॅस्केटं बदलली आणि नवं तेल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरलं. वरून भरलं तर आत हवा अडकते. मग खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून इंजिन सुरू केलं. छान सुरू झालं, पण थंड करून परतणाऱ्या पाण्याची बारीक धार मागून येईना. लगेच बंद केलं. पंप उघडला तर इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाच्या, सहा पात्यांपैकी दोन गायब. नवा इम्पेलर घालून भागत नाही, तुटलेली पाती सापडलीच पाहिजेत, नाहीतर ती पुढे जाऊन वाट अडवतात. एक पातं पाण्याच्या उभ्या नळीत मिळालं. दुसरं थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली, नखाएवढं, काळं, कडक झालेलं. ते चिमट्याने काढून नळीतून मिळालेल्या पात्याशेजारी ठेवलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पुन्हा सुरू केलं आणि धार आली.

बोट पाण्यात उतरवली त्या सकाळी वारा नव्हता. बुच दोनदा तपासलं. पेट्रोलमध्ये तेल ५०:१, म्हणजे १० लिटरला २०० मिलिलिटर. किल स्विचची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, मनगटाला अडकवली. धार चालू आहे हे बघून हळूहळू थ्रॉटल दिला. आधी नाळ वर उचलली, समोरचं काही दिसेना, आणि मग एका क्षणी ती खाली आली आणि बोट पाण्यावर सपाट धावायला लागली. भाचा पुढच्या बाकावर दोन्ही कडा धरून बसला होता. तो काहीतरी ओरडत होता, पण इंजिनामुळे मला ऐकू आलं नाही.

तासाभराने बोट ट्रेलरवर घेतली आणि बुच काढलं. पेलाभर पाणी आलं. भाचा लगेच खाली सरकला आणि हाताने रांग चाचपत गेला. बदललेले सगळे रिवेट कोरडे होते. नाळेजवळ, ज्याला आम्ही हातही लावला नव्हता अशा एका जुन्या रिवेटच्या डोक्यावर एक थेंब लोंबत होता. "मामा, अठरावा," तो म्हणाला आणि खिशातून मार्कर काढला.