कर्णावरचा शिरोलंब

काटकोन त्रिकोणाचं नुसतं नाव काढा, समोरचा माणूस ‘कर्णाचा वर्ग बरोबर...’ सुरू करतो. शाळेतलं बाकी सगळं विसरलेलं असतं, हे तेवढं राहिलेलं. पायथागोरसवर माझा राग नाही, पण या एका प्रमेयाने त्रिकोणाचे बाकीचे गुण पार झाकून टाकले आहेत. आणि तेही काही एकट्याचं नव्हे. इसवी सनापूर्वी १८००च्या सुमाराच्या एका बाबिलोनी मातीच्या पाटीवर ११९ ही बाजू आणि १६९ हा कर्ण अशी जोडी आहे. राहिलेली बाजू १२०. पायथागोरस जन्माला यायला तेव्हा हजाराहून जास्त वर्षं होती! बौधायनाच्या शुल्बसूत्रातही आयताच्या कर्णाचा हाच नियम येतो.

माझा जीव आहे तो काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेल्या लंबावर. एक रेघ मारली की त्रिकोणाचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही मूळ त्रिकोणाशी समरूप निघतात, म्हणजे आकार तोच, फक्त माप लहान. ३, ४, ५ बाजूंचा घ्या. लंब येतो २.४ आणि कर्णाचे भाग होतात १.८ आणि ३.२. त्या दोघांचा गुणाकार ५.७६, म्हणजे नेमका २.४चा वर्ग. हा भूमितीमध्य बघून मला अजूनही बरं वाटतं. आता क्षेत्रफळं बघा: लहान तुकडा २.१६, मोठा ३.८४, अख्खा त्रिकोण ६. समरूप त्रिकोणांची क्षेत्रफळं बाजूंच्या वर्गांच्या प्रमाणात असतात, आणि इथे या तिघांचे कर्ण आहेत ३, ४ आणि ५. म्हणजे ९, १६, २५. दोन तुकडे मिळून अख्खा त्रिकोण होतो, हे काही कुणाला पटवून द्यावं लागत नाही. तेवढ्यावरच पायथागोरसचं प्रमेय सिद्ध झालं. बाजूंवर चौरस काढायची सगळी खटपट वाचली.

काटकोनाच्या टोकापासून कर्णाच्या मध्यबिंदूपर्यंतची रेघ म्हणजे मध्यगा. तिची गंमत कागदावर करून बघावी. काटकोन त्रिकोण कापून घ्या. दोन्ही लघुकोनांची टोकं दुमडून काटकोनाच्या टोकावर आणून टेकवा. खाली आयत उरतो, आणि कर्णाचे दोन अर्धे भाग त्याच्या कर्णावर एकमेकांना अगदी चिकटून बसतात, ना फट, ना एकावर एक. जिथे ते चिकटले तीच मध्यगा, अर्थातच कर्णाच्या निम्मी. कर्णाचा मध्यबिंदू तिन्ही टोकांपासून सारख्याच अंतरावर कसा, ते घडीतच दिसतं. लघुकोनांची बेरीज ९० अंश हेही त्याच घडीत आलं.

तीस-साठ-नव्वदबद्दल फार बोलत नाही. ते आयतच अर्ध्या समभुज त्रिकोणातून मिळतं.

अंतर्वर्तुळाचं, म्हणजे त्रिकोणाच्या आत तिन्ही बाजूंना टेकणाऱ्या वर्तुळाचं, सूत्र मात्र उगाच मागे पडलं आहे. काटकोनाच्या दोन बाजूंची बेरीज, वजा कर्ण, भागिले दोन: ही झाली त्रिज्या. काटकोनाच्या कोपऱ्यात स्पर्शबिंदूंपर्यंत एक छोटा चौरस तयार होतो, त्याची बाजूच ती. ३-४-५ साठी १, ५-१२-१३ साठी २, ८-१५-१७ साठी ३. पुढे ७-२४-२५ घ्यावा तर पुन्हा ३च. पण तिन्ही बाजू पूर्णांक असल्या की त्रिज्याही पूर्णांकच येते, अपूर्णांक कधीच नाही. कारण दोन बाजूंच्या बेरजेतून कर्ण वजा केला की उरणारी संख्या नेहमी सम असते.