टाच दहा मिलिमीटर सरकवताना

मोठ्यांच्या सपाट पायात टाच बाहेर कलते आणि पायाची कमान बसते. टाचेचं हाड कापून मागचा तुकडा आत सरकवला, की ॲकिलिस टेंडनची (पोटरीचे स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीची) ओढही आत येते आणि कमानीवरचा ताण हलका होतो.

एक्स-रे उभं राहूनच काढायचा. झोपून काढलेल्या फोटोत पायावर वजनच नसतं, मग वाकडेपणा कळणार कसा? टाच हाताने सरळ होत नसेल किंवा सांधा झिजलेला असेल, तर ही शस्त्रक्रिया पुरणार नाही. तिथे सांधा जोडण्याचाच विचार करावा लागतो. गुडघा सरळ आणि मग वाकवून घोटा किती वर येतो, तेही पाहायचं. फक्त गुडघा सरळ असतानाच तो अडला, तर पोटरीचा वरचा स्नायू आखडलाय. तो सैल न करता नुसतं हाड सरकवणं म्हणजे अर्धं काम.

चीर टाचेच्या बाहेरच्या बाजूला, तिरकी. सुरल नस (संवेदना नेणारा मज्जातंतू) इथेच असते. ती दुखावली तर पायाची बाहेरची कड बधिर होते. काप तळव्याशी साधारण ४५ अंशांत. करवतीवर सलाईन सोडत राहायचं, नाहीतर हाड भाजतं. आतल्या कडेला करवत थांबवून उरलेलं छिन्नीने हलकेच तोडायचं, कारण पलीकडे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आहेत.

तुकडा साधारण १० मिमी आत न्यायचा. याच वेळी ॲकिलिस तो वर खेचतो, म्हणून गुडघा वाकवून आणि पाऊल खाली झुकवून ती ओढ सैल करायची. मग ६.५ ते ७ मिमीचे एक-दोन स्क्रू. सी-आर्मवर (शस्त्रक्रिया चालू असतानाच चित्र दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्रावर) बाजूने आणि टाचेच्या मागूनही पाहायचं. स्क्रू सांध्यात शिरलेला एकाच दिशेने पाहिला तर सुटू शकतो. स्क्रूचं डोकं वजन पडतं तिथे आलं, तर पुढे ते टोचतं आणि काढावं लागतं.

कमान उचलून धरणारं, झिजलेलं टेंडन (टिबियालिस पोस्टिरियर) मात्र याने बरं होत नाही. त्याच्या जोडीला बहुधा बोटं वाकवणारं टेंडन वळवून बसवतात.

नंतर साधारण ६ आठवडे त्या पायावर वजन नाही. टाचेचं हाड स्पंजासारखं, रक्तपुरवठा चांगला, म्हणून सहसा जुळतं; सिगारेट ओढणाऱ्यांचं रेंगाळतं. सूज मात्र कित्येक महिने राहते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.